हत्तीच्या नावावर आलेली गाडी

एलिफाझ म्वाडिमेला भीती वाटत नाही अशी गोष्ट मोंबासा-नैरोबी हमरस्त्यावरच्या वोई गावात शोधून काढावी लागली असती. तो वेधशाळेत नोकरीला होता. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या त्या गरगर फिरणाऱ्या वाट्या पुसायला शिडीवर चढायचं झालं, तर तो आधी बायकोला फोन करून "चढतोय" म्हणून सांगायचा आणि उतरल्यावर "उतरलो" म्हणून कळवायचा. अशा माणसाने समुद्रापलीकडून, न पाहिलेली, न हात लावलेली, कोण कुठल्या परक्या माणसाने वापरून सोडलेली गाडी स्वतः मागवावी, ही काही त्याच्या स्वभावाला धरून घडलेली गोष्ट नव्हती. ती घडली अपमानामुळे.

गाडीची गरज होती, हे खरं. बायको वाकेशो हिची वर डोंगरातल्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बदली झाली होती. नव्या वर्षापासून रुजू व्हायचं होतं. रोज मातातूत, त्या खचाखच भरलेल्या भाड्याच्या व्हॅनमध्ये, कोंबून घेऊन त्या वळणावळणाच्या रस्त्याने जाणं-येणं शक्य नव्हतं. "मी वरच खोली घेईन आणि शनिवारी खाली येत जाईन," असं ती भाजी चिरता चिरता सहज म्हणाली. एलिफाझने लगेच मनात हिशेब केला. मुलगी सिघी नैरोबीला शिकायला. म्हणजे आठवडाभर घरात आपण, छतावरच्या पाली आणि आपली आपणच शिजवलेली मक्याच्या पिठाची उगाली! तो त्याच दिवशी म्हणाला, "गाडी घेऊ."

वोईत गाडी घ्यायची म्हणजे हमरस्त्यावरच्या बाजाबेरच्या जुन्या गाड्यांच्या वाड्यात जायचं. सलीम बाजाबेर हा माणूस गोड बोलण्यात आणि गाड्या पुसण्यात एकसारखाच तरबेज. त्याने एक रुपेरी गाडी दाखवली आणि गावच्या रीतीप्रमाणे एलिफाझला मुलीच्या नावाने हाक मारत म्हणाला, "परवा जपानच्या जहाजावरून उतरली, बाबा सिघी. अजून खाऱ्या वाऱ्याचा वास येतोय, घ्या, हुंगून बघा."

एलिफाझने हुंगून बघितलं. मग त्याच्या सावध स्वभावाप्रमाणे सीटखाली हात घालून बघितलं. हाताला दाणे खाऊन टाकलेलं भाजकं कणीस लागलं.

"हे जपानचं?" त्याने विचारलं.

"खलाशाने खाल्लं असेल," बाजाबेर डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला.

"आणि गाडी किती पळालीय ते दाखवणारा हा मीटर... तो तरी खरा आहे ना?"

आता बाजाबेर चिडला. वाड्यात दोन मेकॅनिक, चहावाली आणि वेधशाळेच्या साहेबांचा ड्रायव्हर एवढी मंडळी होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बाबा सिघी, तुम्ही वर्षानुवर्षं सांगताय की उद्या पाऊस येणार. आम्ही कधी विचारलं का, खरं का म्हणून?"

जो हशा झाला त्यात साहेबांच्या ड्रायव्हरचा आवाज सगळ्यांत मोठा होता. एलिफाझने ते कणीस शांतपणे गाडीच्या टपावर ठेवलं, कोट झटकला आणि म्हणाला, "मी स्वतः मागवीन. थेट जपानहून." हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याच क्षणी ते परत गिळावेत असं त्याला वाटलं. पण शब्द गेला होता, आणि चहावालीने ऐकला होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत स्टेशनापलीकडे पोचणारच.

पहिला सल्ला कुंपणावरून आला. शेजारी मझे किलेलू राहत. ते जुन्या रेल्वेतले निवृत्त गार्ड. गावात सगळेच त्यांना आदराने मझे, म्हणजे वडीलधारे, म्हणत, आणि एकटा एलिफाझ भीतीनेही म्हणे. कारण जगात जे जे वाईट घडू शकतं ते ते त्यांच्या कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाच्या बाबतीत घडून गेलेलं होतं.

"माझ्या साडूच्या भावाने मागवली होती," किलेलू म्हणाले.

"मग? आली?"

"आली की. चकाचक. बॉनेट उघडलं तर आत इंजिन नव्हतं."

 "मग काय केलं त्यांनी?"

"कोंबड्या पाळल्या. चांगल्या राहिल्या त्यात. काचा वरखाली होत होत्या ना, हवा मिळायची."

त्यानंतर एलिफाझने फोनवर गाड्या बघायला सुरुवात केली. बघायला म्हणजे संशोधन करायला. एकेक फोटो तो बोटांनी मोठा करून बघे. ओरखडा दिसला तर घाबरे, आणि दिसला नाही तर जास्तच घाबरे. शेवटी एक निळी, पाठीमागे सामानाला ऐसपैस जागा असलेली गाडी त्याला आवडली. तिकडच्या कंपनीत नाकाजिमा नावाचा एक सज्जन होता. फार विनयशील. प्रत्येक निरोपाच्या शेवटी तो लिही, "आपण कृपया निश्चिंत असावे." एलिफाझला हे वाक्य वाचलं की घाम फुटे. ज्याला काही लपवायचं नाही तो माणूस दुसऱ्याला निश्चिंत राहायला कशाला सांगेल?

पैसे पाठवायच्या दिवशी तो बँकेच्या दारातून तीनदा परत फिरला. शेवटी वाकेशोने हाताला धरून आत नेलं. "बाबा सिघी, भ्यायचं तर खुशाल भ्या," ती म्हणाली, "पण सही करता करता भ्या. मला शाळेत जायचंय." त्याने सही केली. ती त्याच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही, म्हणून कारकुनाने पुन्हा करायला लावली. दुसरी त्याहून वाईट आली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी देशात आणता येत नाही, हा नियम एलिफाझला ठाऊक होता. निळी गाडी आठ वर्षांच्या आतली आहे हेही त्याने बोटांवर मोजून पाहिलं होतं. पण वय कुठल्या दिवशी मोजतात हे मात्र त्याला बाजाबेरने सांगितलं. खाटकाच्या दुकानात, बकऱ्याचं मांस तोलून होईपर्यंत.

"गाडी बंदराला लागते ना, त्या दिवशीचं वय," बाजाबेर म्हणाला. "हे वर्ष संपायच्या आत जहाज आलं, तर तुमची गाडी गाडी. नवं वर्ष उजाडल्यावर आलं, तर तीच गाडी म्हातारी. मग ती आल्या वाटेने परत, नाही तर भंगारात. जहाज कधी निघतंय?"

"निघालंय," एलिफाझ पुटपुटला.

"नाताळात समुद्रावर गर्दी असते हो," बाजाबेर आपली पुडी उचलत म्हणाला. "बाकी तुम्ही हवामानवाले. तुम्हाला काय सांगायचं!"

हेच तर दुःख होतं. दुसऱ्या कुणी गाडी मागवली असती तर त्याने समुद्राचा विचारच केला नसता. पण एलिफाझला कार्यालयात बसल्या बसल्या जगभरच्या वादळांचे नकाशे दिसत. जहाजाचं नाव होतं 'पॅसिफिक लिली'. फोनवर ते एका हिरव्या ठिपक्यासारखं दिसे, आणि तो ठिपका सुटला नाही तोच पूर्वेच्या समुद्रात कमी दाबाचा एक पट्टा तयार झाला. मग त्याला डोळा फुटला. वादळाला डोळा फुटतो तेव्हा काय होतं हे एलिफाझला पुस्तकात शिकवलेलं होतं. साहेबांनी विचारलं, "वोईचं तापमान किती?" तो म्हणाला, "लाटा पाच मीटर." साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

ठिपका वादळाच्या दिशेने सरकत होता आणि एलिफाझचं जेवण कमी कमी होत होतं. त्याला डोळ्यांपुढे दिसे: जहाजाच्या पोटात गाड्या ओळीने बांधलेल्या, जहाज कलतंय, सगळ्यांचे दोर टिकलेत आणि एकट्या निळ्या गाडीचा सुटलाय. अखेर रविवारी प्रार्थनेपूर्वी त्याने चर्चच्या व्हरांड्यात पाद्री म्वाकितावांना गाठलं.

"पाद्रीबाबा, लिलीसाठी प्रार्थना करा," तो म्हणाला.  "ती फार संकटात आहे. एकटी आहे. आणि तिच्या पोटात..." इथे त्याचा आवाज फुटला. "तिच्या पोटात जे आहे ते माझं आहे हो!"

 पाद्रीबाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "देव क्षमाशील आहे, एलिफाझ." आणि आत जाऊन त्यांनी भर सभेत, नाव न टाळता, 'आपली बहीण लिली आणि तिच्या उदरातलं निष्पाप जीवन' यांच्यासाठी अशी काही कळवळून प्रार्थना केली की पहिल्या बाकावरच्या बायका रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी मागे वळून वाकेशोकडे पाहिलं.

वाकेशोला कुठे काय माहीत! दुपारपर्यंत तिच्याकडे सांत्वनाला चार जणी येऊन गेल्या. एकीने केळी आणली, एकीने धीराच्या गोष्टी. "पुरुषाची जात," पाचवी म्हणाली, "पण मूल झाल्यावर त्याला तू आपलं म्हण हो. मन मोठं कर." वाकेशोने तिला विचारलं, कुणाचं मूल? तेव्हा कुठे उलगडा झाला. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा एलिफाझ फोनवर ठिपका बघत बसला होता.

"कशी आहे लिली?" तिने विचारलं.

"वाचली!" तो आनंदाने ओरडला. "कप्तानाने वळसा घातला, दक्षिणेकडून काढली तिला!"

"वा. मग गावभर तुम्हीच जाऊन सांगा, की ती जहाज आहे आणि तिला गाड्या होणार आहेत."

पुढले कित्येक दिवस तो सांगत होता. निम्म्या लोकांना ते पटलं नाही. साहेबांच्या ड्रायव्हरने तर "जुळ्या गाड्या होवोत" असा आशीर्वाद दिला.

पण वळसा घातला म्हणजे उशीर झाला. आणि उशिरात भर म्हणजे गाडी जिथे उतरायची त्या मोंबासा बंदरावरून लिली तशीच खाली शेजारच्या देशातल्या दार एस सलामला निघून गेली. तिथे आधी माल उतरवायचा होता म्हणे. आपल्या दारावरून नवऱ्या मुलाची वरात सरळ पुढे निघून जावी तसं एलिफाझला झालं. नाताळ झाला. त्याने एक घास खाल्ला नाही. बंदरातून गाडी सोडवायला त्याने फोनवरच शोधलेला एक दलाल होता, तो आता फोन उचलेना. अगोदर घंटी तरी वाजायची, मग तीही वाजेना.

त्याच संध्याकाळी बाजाबेर घरी आला. हातात हलव्याची डबी. एलिफाझला वाटलं, हा जखमेवर मीठ चोळायला आला. बाजाबेरने चहा घेतला, वाकेशोच्या बदलीची चौकशी केली आणि मग म्हणाला, "ती रुपेरी गाडी अजून आहे माझ्याकडे. कणीस काढलंय."

"नको," एलिफाझ म्हणाला. मान ताठ होती, पण आवाज बसलेला.

"वाटलंच मला." बाजाबेरने खिशातून एक चिठ्ठी काढून मेजावर ठेवली. "हा ताबूचा नंबर. बंदरावर माझ्या गाड्या तीच सोडवते. सांगा, सलीमने पाठवलं. धंदा वेगळा, शेजार वेगळा. तुम्ही बुडताना मी हसेन, हसणारच. पण दोरी फेकून मग हसेन."

ताबू या नावाचा अर्थ किनाऱ्यावरच्या भाषेत संकट. जन्माच्या वेळी आईला फार सोसावं लागलं म्हणून ठेवलेलं. आपली गाडी आता संकटाच्या हाती आहे, हे एलिफाझने वाकेशोला न सांगता मनातच ठेवलं.

वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ऊन कलल्यावर, ताबूचा फोन आला. "लागलं धक्क्याला," एवढंच ती म्हणाली. एलिफाझ अंगणात होता. तो खाली बसला. कुंपणापलीकडून किलेलूंनी विचारलं, "बुडालं का?"

गाडी आणायला मोंबासाला जायचं ठरलं तेव्हा जानेवारी बराच सरला होता. वाकेशो वर शाळेत रुजू झाली होती, पालींची संख्या वाढली होती. मझे किलेलू आपण होऊनच बरोबर निघाले. "मोंबासा मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय. एकट्याला लुबाडतील." नव्या आगगाडीत बसायला ते तयार नव्हते. तिला शिट्टी वाजवता येत नाही असं त्यांचं मत होतं. म्हणून मातातूने गेले.

ताबू बंदराच्या फाटकाशी उभी होती. ठेंगणी, हिरव्या गॉगलमधली बाई. तिने एलिफाझकडे नीट पाहिलं. "भीती वाटतेय?"

"थोडी."

"वाटू दे. ज्याला वाटत नाही त्याला मी दुप्पट वेळ लावते. चला, एक छोटीशी अडचण आहे."

ती छोटीशी अडचण जकातीच्या खिडकीपाशी कळली. आतल्या साहेबांनी कागद वर धरला आणि मोठ्याने हाक मारली, "एलिफंट म्वाडिमे कोण?"

जपानमध्ये कुणा टंकलेखकाचं बोट घसरलं होतं. जहाजाच्या कागदावर एलिफाझचा एलिफंट झाला होता. रांगेतले लोक इकडेतिकडे बघू लागले. किलेलूंनी मदत करण्याच्या हेतूने एलिफाझकडे बोट दाखवलं. "हेच ते. सोंड घरी ठेवून आलेत."

"मी एलिफाझ," एलिफाझ काकुळतीने म्हणाला. "बायबलमधलं नाव आहे, साहेब."

"कागदावर ज्याचं नाव, गाडी त्याची," साहेब म्हणाले. ते मुळीच हसले नाहीत, हेच भयंकर होतं. "एलिफंट म्वाडिमे यांना घेऊन या."

 वादळातून वाचलेली, दार एस सलामहून परत आलेली, वर्ष संपता संपता धक्क्याला लागलेली गाडी आता एका हत्तीच्या नावावर अडकणार! आणि गोदामाचं भाडं चढत राहणार ते त्या हत्तीलाही परवडणार नाही. ताबूने त्याचा दंड धरला आणि पलीकडच्या गल्लीत एका वकिलाकडे नेलं. वकील पंख्याखाली पेंगत होता.

"मी हत्ती नाही, असं लिहून द्यायचं ना?" एलिफाझने विचारलं.

"छे छे," वकील जांभई देत म्हणाला. "तसं लिहिलंत तर गाडी गेली. उलट लिहायचं." आणि त्याने वाचून दाखवलं: "मी, एलिफाझ म्वाडिमे, शपथेवर सांगतो की एलिफंट म्वाडिमे म्हणून ज्याचा उल्लेख आहे तो मीच असून, ही दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत."

एलिफाझचा हात लेखणीवरच थबकला. वोई म्हणजे हत्तींचा मुलूख. खोटी शपथ घ्यायची भीती वेगळी, आणि खरी ठरायची भीती वेगळी.

"विचार करा हं," किलेलू म्हणाले. "सगल्लाच्या बाजूला हत्तींनी लोकांचा मका खाल्लाय. उद्या नुकसानभरपाई मागायला तुमच्या दारात रांग लागेल."

त्याने सही केली. शिक्का बसला. खिडकीतल्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, एलिफाझकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि आदराने म्हणाले, "बसा, श्री. एलिफंट."

तरी त्या खिडकीवरून या खिडकीवर, या शिक्क्यावरून त्या शिक्क्यावर असं करत दुसरा दिवस उजाडला. शनिवार होता. सकाळी ताबूने त्यांना नारळाच्या रसातली तूर आणि तळलेले गोड वडे खायला घातले. किलेलूंनी एलिफाझच्या वाटचेही खाल्ले. मग फाटक उघडलं आणि निळी गाडी बाहेर आली.

फोटोत होती तशीच होती. एलिफाझ तिच्याभोवती फिरला. बॉनेट उघडून बघितलं. आत इंजिन होतं. त्याने किलेलूंकडे पाहिलं. किलेलूंना थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

"चालवता येते ना?" ताबूने विचारलं.

परवाना होता. वेधशाळेच्या आवारात तो वर्षानुवर्षं कार्यालयाची जुनी गाडी मागेपुढे करत आला होता. पण आवारात ट्रक नसतात. मोंबासाहून वोईकडे जाणारा रस्ता म्हणजे ट्रकांची न संपणारी माळ. त्याने किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डातून एक बाई बोलली. जपानीत. गोड, पण ठाम.

दोघंही दचकले. "काय म्हणते?" एलिफाझने कुजबुजत विचारलं.

"सांगत असेल, आधीचा मालक कसा मेला ते," किलेलू म्हणाले.

ताबू खिडकीतून वाकली. "नकाशा सांगतेय. तिला वाटतं ती अजून जपानात आहे. लक्ष देऊ नका."

पण लक्ष न देणं एलिफाझला कुठे जमत होतं? मारियाकानीच्या चढाला बाई पुन्हा बोलली, तो ब्रेकवर उभा राहिला. मागच्या ट्रकने असा काही भोंगा वाजवला की किलेलूंची टोपी पडली. सायकलवाला त्यांना ओलांडून गेला. पाण्याची पिंपं लादलेली गाढवगाडी ओलांडून गेली, आणि गाडीवानाने जाता जाता "मझे, पोले!" म्हणून हळहळ व्यक्त केली. किलेलूंची जीभ मात्र अखंड चालू होती. इथे अमका ट्रक उलटला, तिथे तमकी बस पेटली, या वळणावर माझा मावसभाऊ. एलिफाझ स्टिअरिंग घट्ट धरून मनात स्तोत्र म्हणत होता. मॅकिनन रोड नावाच्या गावातल्या मशिदीपाशी सगळेच ड्रायव्हर, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, थांबून दोन नाणी टाकतात. एलिफाझने खिशात होतं ते सगळं टाकलं.

तिथून निघाल्यावर किलेलू बोलायचे थांबले.

सुरुवातीला एलिफाझला फार बरं वाटलं. कानांना थंडावा मिळाला. मग बरंच अंतर गेलं, तीन तरी भयंकर वळणं गेली आणि एकाही वळणावर कुणीही मेलं नाही. त्याने भीत भीत डावीकडे पाहिलं. किलेलूंचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घामाचे थेंब, आणि डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला.

"मझे? काय होतंय?"

"काही नाही," किलेलू म्हणाले. "तूर वातूळ असते."

पण आवाज त्यांचा नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याला घाबरवलं, तो पहिल्यांदाच काहीतरी लपवत होता. आणि आपल्याला भीती वाटू नये म्हणून लपवत होता, हे एलिफाझला एकदम कळलं.

"छातीत दुखतंय का?"

किलेलूंनी डोळे मिटले. "बाबा सिघी... सावकाश चालवा तुम्ही. घाई नको."

एलिफाझने पाय खाली दाबला.

पुढे काय झालं ते त्याला नीटसं कधीच सांगता आलं नाही. दिवे लावले होते, भोंग्यावर हात होता, समोर एक ट्रक होता आणि मग तो मागे होता. मग दुसरा. उजवीकडून एक बस अंगावर येत होती आणि ती कुठेतरी निघून गेली. जपानी बाई आता थांबतच नव्हती. तिला बहुधा हा वेग पसंत नव्हता. "बाई, गप्प बसा!" एलिफाझ ओरडला. आयुष्यात तो कुठल्याच बाईवर ओरडला नव्हता. "मझे, बोला! तुमच्या साडूच्या भावाच्या कोंबड्यांचं सांगा! किती होत्या?"

"सात," किलेलू कण्हत म्हणाले.

"अंडी घालायच्या का?"

"मागच्या... सीटवर."

"आणखी सांगा! मौंगूच्या वळणाला कोण मेलं होतं?"

"कुणी नाही," किलेलू पुटपुटले. "मौंगूला... कुणी नाही मेलं."

हे ऐकताच एलिफाझने पाय आणखी दाबला.

वोईच्या रुग्णालयाच्या आवारात गाडी शिरली तेव्हा पहारेकरी बाजूला उडी मारून वाचला. एलिफाझ काचेतून ओरडत होता, नर्सेस धावल्या, खाट आली, किलेलूंना आत नेलं. सगळं क्षणात झालं. आणि सगळं झाल्यावर एलिफाझला कळलं की त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटत नाहीयेत. बोटं उघडायला गेलं की ती उघडतच नव्हती.  मॅकिनन रोडपासून थोपवून धरलेली सगळी भीती आता सावकाश, बस्तान मांडून आली होती.

शनिवार म्हणून वाकेशो डोंगरावरून घरी आलेली होती. कुणीतरी तिला कळवलं. ती आली, पलीकडचं दार उघडून शेजारी बसली.  त्याचं एकेक बोट हळूहळू सोडवू लागली, अंगठ्यापासून.

"डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलं," ती म्हणाली. "हृदयाचाच झटका होता. पण वाचतील."

एलिफाझने मान हलवली. मग बारीक आवाजात म्हणाला, "वाकेशो, मी ट्रक ओलांडले."

"किती?"

"कुणास ठाऊक. मध्ये मध्ये डोळे मिटले होते."

वाकेशोने शेवटचं बोट सोडवलं आणि गाडीभर नजर फिरवली. "रंग चांगला निवडलात," ती म्हणाली. मग त्याला उठवून पलीकडे बसवलं आणि गाडी स्वतः घरी चालवत नेली. तिला इतकी छान चालवता येते, हे त्याला त्या दिवशी कळलं. सोमवारपासून तीच डोंगरावर गाडी घेऊन जाऊ लागली आणि संध्याकाळी घरी येऊ लागली. त्या डोंगरी वळणांवर तिच्या शेजारी बसायचं धाडस एलिफाझ अजून गोळा करतोय.

मझे किलेलू महिन्याभरात हिंडूफिरू लागले. गावाला वाटलं, आता ते एलिफाझचे उपकार गातील. ते बाजाबेरच्या वाड्यात, चहावालीच्या बाकावर बसून, येईल त्याला सांगू लागले की मोंबासाला जाईपर्यंत आपलं हृदय घड्याळासारखं चालत होतं. बाबा सिघीच्या गाडीत बसलो आणि ते बंद पडायला आलं. "असं चालवतो! ट्रक दिसला की डोळे मिटतो. मी स्वतः पाहिलं. झटका काय उगाच येतो?" लोक हसून हसून लोळत. एलिफाझच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याला फार लागलं. अपमान गिळून तो एका रविवारी कुंपणापाशी गेला आणि म्हणाला, "मझे, उद्या तुम्हाला तपासणीला जायचंय ना? वाकेशो शाळेत जाता जाता सोडेल. ती फार चांगली चालवते. डोळे उघडे ठेवून."

किलेलूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने त्यांना विहिरीत ढकलायची भाषा केली.

"नको," ते म्हणाले. "तुम्हीच न्या. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायची मला आता भीती वाटते."